चौथ्या खुर्चीतला लवू

१

जानकीबाईंच्या घरातून तिघं मिळून कधी बाहेर पडत नसत. एकट्याने जा, दोघं जा, चौघं जा. पण तिघं निघाली की काम फिसकटलंच समजा. हे ज्ञान त्यांनी कोकणातल्या माहेराहून आणलं होतं आणि मरोळच्या चाळीत अर्धा जन्म काढूनही ते जराही झिजलं नव्हतं. आता दर वेळी चौथा माणूस आणायचा कुठून? त्यावर त्यांचा उपाय सोपा होता. चाळीच्या दारातला एखादा खडा उचलायचा, "चल रे बाबा, तू आमचो चौथो," असं म्हणून पिशवीत टाकायचा आणि परत आल्यावर उंबऱ्याच्या बाहेरच त्याला सोडून द्यायचा. रॉकेलच्या रांगेपासून लग्नमुंजीपर्यंत असे कितीतरी खडे या घराबरोबर अंधेरी-घाटकोपर फिरून आले होते.

त्यांची सून नलिनी मरोळच्याच एका औषधांच्या कंपनीत वजनखात्यात कामाला होती. दिवसभर पावडरी तोलून तोलून तिचा हातच तराजू झाला होता. भाजीवाल्याकडचा कांदा नुसता उचलून ती त्याच्या काट्याची चूक काढायची आणि भाजीवाला तिला लांबून येताना बघूनच माप सरळ धरायचा. काट्यावर दिसतं ते खरं आणि बाकीचं सगळं सासूबाईंचं, अशी तिने जगाची सरळ वाटणी करून टाकली होती. सासूबाईंवर मात्र तिचा जीव होता. त्यामुळे खड्यांचं तिला हसू यायचं, पण ती पिशवीचं तोंड उघडून धरायची.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीतला तो रविवार होता. चाळीच्या महिला मंडळाने बालवाडीच्या छपरासाठी न्यू मयूर सर्कसचा चॅरिटी शो ठेवला होता आणि अख्खी चाळ दुपारच्या खेळाला निघाली होती. नलिनीचा नवरा नंदकिशोर याने हौसेने चार खुर्च्यांची तिकिटं घेतली होती. आई, बायको, धाकटी बहीण जया आणि स्वतः. ऐन वेळी त्याच्या कारखान्यात मशीन बंद पडलं आणि त्याला बोलावणं आलं. राहिल्या तिघी.

"बघ," जानकीबाई म्हणाल्या, आणि नळाजवळ वाकून त्यांनी एक खडा उचलला.

खरं म्हणजे त्या तिघी नव्हत्याच. नलिनीला दिवस गेले होते. हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, नंदकिशोरलाही नाही. याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा तिसरा महिना सरायच्या आत सगळं संपलं होतं. दोन्ही वेळा आदल्या दिवशी तिची मळमळ एकाएकी थांबली होती. पहिल्या वेळी नंदकिशोर बातमी कळताच खुळखुळा घेऊन आला होता. तो खुळखुळा नंतर त्याने कुणाला न दिसेल असा माळ्यावर टाकला, आणि तो कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. म्हणून या वेळी तिसरा महिना उलटेपर्यंत तोंड उघडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. शिवाय सांगितलं असतं तर सासूबाईंनी तिला सर्कसला पाठवलंच नसतं, आणि तिला एक दुपार तरी भीती विसरून हत्ती बघायचे होते.

"आई, आपण चौघं आहोत," हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले.

"चल रे बाबा, तू आमचो चौथो," जानकीबाई खड्याला म्हणाल्या आणि त्यांनी तो सुनेच्या पर्समध्ये टाकला.

२

टेम्पोत बायकांची ही गर्दी. मंडळाच्या अध्यक्ष चंपाकाकू ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या आणि दर वळणावर मागे वळून कोण राहिलं का ते विचारत होत्या. टेम्पो हलला की सगळ्या एकमेकींवर पडायच्या आणि हसायच्या. नलिनी कोपऱ्यात पर्स पोटाशी धरून बसली होती. मळमळ सकाळपासून होतीच. ती तिला हवीहवीशी वाटायची. आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

तिने पर्समध्ये हात घालून खडा चाचपला. आवळ्याएवढा, काळा, गुळगुळीत, मधून एक पांढरी रेघ गेलेली. हाताने सवयीने त्याचं वजन करून टाकलं. जेवढं असावं तेवढंच होतं.

अंधेरीच्या मैदानात तंबू उभा होता. आत शिरताच लाकडाच्या भुशाचा आणि जनावरांचा वास, जनरेटरची घरघर, आणि बाजूला बँडवाले आपली वाद्यं पुसत बसलेले. मंडळाच्या बायकांना मागच्या फळ्यांवर जागा होती. नंदकिशोरच्या कृपेने या तिघींना मात्र पुढच्या लोखंडी खुर्च्या मिळाल्या होत्या. कडेला जया बसली, मग जानकीबाई, मग एक रिकामी खुर्ची, मग नलिनी.

"ही खाली आहे काय?" एका गृहस्थाने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून विचारलं.

"नाही हो, माणूस आहे," जया म्हणाली. जया एकोणीस वर्षांची, आणि तिला गप्प बसवणं हे नंदकिशोरलाही कधी जमलं नव्हतं. तिने वाकून वहिनीच्या पर्समधून खडा काढला, आपला रुमाल चौथ्या खुर्चीवर पसरला आणि खडा त्यावर ठेवला. "हा काय. तिकीट काढलंय त्याचं. दादाचे पैसे फुकट कशाला घालवायचे?"

गृहस्थ हसून निघून गेला. तो गेल्यावर जया खड्याकडे बघत म्हणाली, "याला नाव पाहिजे यार. लवू. लवू म्हणू या. छोटासा आहे ना."

"दगडाक नाव कित्याक ठेवतंस गो?" जानकीबाई म्हणाल्या. पण त्याही हसत होत्या.

"मी नाही ठेवायचं तर कोण ठेवणार? नाव ठेवायचा मान आत्याचाच असतो."

नलिनीही हसली. हसता हसता तिला कसंतरीच वाटलं. जयाला काही ठाऊक नव्हतं, ती नेहमीसारखी बडबडत होती, एवढंच. तरी आत्या हा शब्द त्या खुर्चीत जाऊन बसल्यासारखा झाला आणि तो तिथून उठेना.

शेंगदाणेवाला आला. जानकीबाईंनी पैसे पुढे केले आणि "सगळ्यांका दी" एवढंच म्हटलं. त्याने एक पुडी जयाला दिली, एक जानकीबाईंना, एक नलिनीला, आणि चौथी पुडी रुमालावर, खड्याच्या शेजारी, नीट उभी करून ठेवली. मग तो पुढे गेला. चार खुर्च्या म्हणून चार पुड्या दिल्या असणार, नलिनीने मनाला समजावलं. बिचाऱ्याला कुठे वर बघायला वेळ असतो.

३

खेळ मात्र झकास होता. सायकलवर मुलींचा मनोरा झाला, पोपटांनी तोफ उडवली, हत्तींनी सोंड उचलून नमस्कार केला. जानकीबाईंनी उलट हत्तींना हात जोडले. नलिनी सगळं विसरून टाळ्या वाजवत होती.

मग जोकर आले. त्यातला एक बुटका, ढगळ पँटवाला, रिंगण ओलांडून थेट खुर्च्यांच्या रांगेत शिरला आणि एकेकाशी हात मिळवू लागला. जयाशी मिळवला तर तिचा हात सोडेचना. जानकीबाईंनी पदर तोंडाला लावला, तेव्हा त्याने स्वतःच पदर घेतल्याचं सोंग केलं. मागच्या फळ्यांवरून चंपाकाकूंचं हसणं ऐकू येत होतं.

चौथ्या खुर्चीपाशी तो थबकला. खड्याकडे बघून त्याने डोळे मोठे केले. गुडघ्यावर बसला, हात खाली, लहान पोराच्या उंचीवर नेला आणि म्हणाला, "छोटे साब, नमस्ते." आणि रिकाम्या हवेतला हात धरून तो वरखाली हलवू लागला. लोक पोट धरून हसले. नलिनीसुद्धा हसली.

जोकराचा हात वरखाली होत राहिला. एक-दोनदा तो थांबायला बघत होता, पण हात थांबेना. रंगाखाली त्याचा चेहरा नलिनीला हातभर अंतरावरून दिसत होता. त्या चेहऱ्यावरचं हसू रंगवलेलंच तेवढं राहिलं होतं. मग एकदम झटका बसल्यासारखा त्याचा हात सुटला. त्याने आपल्या पंजाकडे पाहिलं आणि तो पँटला पुसला, पुन्हा पुसला.

आता नलिनीची पाळी होती. त्याने तिच्यापुढे हात केला नाही. तिच्याकडे, मग खाली तिच्या पोटाकडे बघून त्याने दोन्ही हात जोडले आणि कोलांटी मारून तो रिंगणात पळाला.

"फिरकी घेतो मेला," जया म्हणाली.

हो, नाही तर काय, नलिनीने स्वतःला सांगितलं. पैसेच मिळतात त्याला त्याचे. पण तिने पदर पोटावरून घट्ट ओढून घेतला.

४

झुल्याच्या खेळासाठी दिवे मालवले. उंचावर एक निळा झोत राहिला, बाकी तंबूभर काळोख. बँड थांबला, नुसता ढोल तेवढा हळूहळू घुमत होता. सगळ्यांच्या माना वर.

नलिनीच्या शेजारची खुर्ची कुरकुरली.

लोखंडाच्या घडीच्या खुर्चीवर कुणी नीट सरकून बसलं की बिजागरी कुरकुरते, तशीच. तिने मान वळवली नाही. सासूबाई हलल्या असतील. वर एका मुलीने झुला सोडला, हवेत गिरकी घेतली आणि पलीकडच्या माणसाचे हात पकडले. तंबूभर श्वास सुटला. त्या आवाजात, नलिनीच्या कोपराच्या खाली, कुणीतरी खुदकन हसलं.

मागे कुणाचं तरी पोर असेल. आहेतच पोरं. चाळीची चाळ आली आहे.

मग तिच्या लक्षात आलं, की मळमळ थांबली आहे.

कधी थांबली ते तिला कळलं नाही. पोटात आता काहीच नव्हतं. मळमळ नाही, जडपणा नाही, सकाळपासूनचा तो तोंडातला आंबट धातूसारखा स्वादही नाही. दुसरी कुणी असती तर सुखावली असती. नलिनीने मात्र दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा पकडल्या. असंच झालं होतं दोन्ही वेळा. आतली जागा कुणी उठून गेल्यासारखी मोकळी झाली होती.

देवा, नको, ती मनात म्हणाली. हत्ती नको, सर्कस नको, मला घरी जाऊ दे आणि सगळं होतं तसं असू दे.

दिवे लागले. टाळ्यांचा पाऊस चालू होता. तिने शेजारी पाहिलं. रुमाल, रुमालावर खडा. शेंगदाण्याची पुडी उघडलेली होती आणि टरफलं खुर्चीखाली पडली होती. जया असेल, तिला दुसऱ्याचं खायची सवयच आहे. मग नलिनीने खुर्चीचे पाय पाहिले. त्यांच्या तिघींच्या खुर्च्या पाणी मारलेल्या मातीवर नुसत्या टेकलेल्या होत्या. चौथीचे पाय बोटबोटभर रुतले होते.

ती जागा जास्त ओली असेल. तिने चप्पल काढून पायाने माती चाचपली. माती सगळीकडे सारखीच होती.

५

तिने खडा उचलला तो टाकून द्यायला. रिंगणात, भुशात, कुठेही. पण हातात घेताच तो उबदार लागला आणि हाताने आपणहून वजन केलं. टेम्पोतल्यापेक्षा जास्त. फार नाही; काट्यावर घातला असता तर काटा एखादं घर सरकला असता. पण तिचा हात चुकत नसे.

ती त्याला मुठीत धरून बसली आणि नकळत ती मूठ तिने मांडीत, पोटाशी घेतली. काही क्षण गेले. मग पोटातून एक ओळखीची कळ वर आली, घशाशी आंबट पाणी आलं आणि नलिनीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मळमळ परत आली होती.

"काय झाला गो?" जानकीबाईंनी विचारलं.

"काही नाही आई. ती मुलगी पडेल असं वाटलं."

तिने मूठ जराशी पोटापासून दूर नेली. मळमळ ओसरली. पुन्हा जवळ आणली. परत आली. तिने पुन्हा करून पाहिलं नाही. कंपनीत ती असंच शिकली होती, दोनदा तोलून वजन सारखं आलं की लिहून टाकायचं. पण हे कुठे लिहायचं?

उरलेला खेळ तिने पाहिला नाही. टेम्पोतून परत येताना बायका हसत होत्या, जया जोकराची नक्कल करत होती, आणि नलिनीच्या डोक्यात एकच गोष्ट होती. खडा उंबऱ्याच्या आत न्यायचा नसतो. सासूबाई दारात हात पुढे करतील. खडा दिला तर त्याच्याबरोबर काय जाईल? आणि नाही दिला तर घरात काय येईल?

दारात जानकीबाईंनी हात पुढे केलाच. "दी तो खडो. सोडून देव त्याका."

नलिनी उंबऱ्याबाहेर उभी राहिली. जया कुलूप काढून आत गेली होती. जिन्यात संध्याकाळचं पिवळं ऊन आलं होतं.

"आई," ती म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं नाही. आपण तिघी नव्हतोच. आपण आधीच चौघं होतो."

जानकीबाईंना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "गो बाय माझे," एवढंच त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. मग त्या डोळ्यांत हळूहळू दुसरंच काहीतरी आलं. त्यांनी सुनेच्या मुठीकडे पाहिलं.

"मगे मी हाक कोणाक मारलंय?" त्या हळूच म्हणाल्या.

नलिनीने मूठ उघडली नाही. तिने सगळं सांगितलं, खुर्ची, मळमळ, वजन. जानकीबाईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यांनी मुठीवर आपला हात ठेवला.

"तुझो सोडूचो जीव होणा नाय मा?"

"नाही होत आई. माझं बाळ जाईल."

"तर मगे हाडूया घरात. मियाच बोलावलंय, मियाच चौथो म्हटलंय. दारातसून खंय परत धाडू?" असं म्हणून त्यांनी सुनेला हाताला धरून उंबऱ्याच्या आत घेतलं. आत पाऊल टाकताना नलिनीला पायाच्या पोटरीला काहीतरी घासून पुढे गेल्यासारखं वाटलं. साडीची निरी असेल.

६

जानकीबाईंनी खडा जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला आणि स्वयंपाकघरात, पाण्याच्या पिंपाशेजारच्या कोपऱ्यात ठेवला. तिसरा महिना उलटला. चौथा उलटला. नंदकिशोरला बातमी सांगितली तेव्हा तो मोरीत जाऊन तोंड धुऊन आला आणि बराच वेळ टॉवेल तोंडावरून काढीना. दवाखान्यातली बाई म्हणाली, सगळं उत्तम आहे, बाळाची वाढ चांगली आहे.

नलिनीने पिंपाजवळची जागा कधी मोलकरणीकडून झाडून घेतली नाही, कारण मोलकरीण नव्हतीच, झाडायची तीच. झाडताना गाठोडं उचलावं लागायचं. पहिल्यांदा एका हाताने उचललं. पुढे दोन्ही हात लागू लागले. सासूबाई वारं लागू नये म्हणून त्यावर फडकी चढवत होत्या, तेव्हा गाठोडं मोठं होणारच. कपड्यालाही वजन असतं. कंपनीत नेऊन काट्यावर घालावं असं तिच्या मनात कितीदा आलं, पण तिने नेलं नाही. काट्याने सांगितलं असतं तर मानावं लागलं असतं.

जयाला ही सगळी आईची नेहमीची खुळं वाटत होती. "काय म्हणतोय आमचा लवू?" असं म्हणून ती जाता-येता गाठोड्याला टिचकी मारायची. एक दिवस मारली आणि बोट झटकन मागे घेतलं. "मऊ लागलं गं," ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "फडकी किती बांधली आहेत आईने." त्यानंतर तिने टिचकी मारली नाही.

जेवताना जानकीबाई भाताचा एक घास बाजूला काढून ठेवत. उंदीर खात असतील, सकाळी ताटली स्वच्छ असायची. दुपारी सगळं सामसूम असताना स्वयंपाकघरातून खुळखुळ्याचा आवाज यायचा. माळ्यावरचा खुळखुळा खाली कुणी काढला, हे कुणालाच आठवत नव्हतं. नंदकिशोर म्हणाला, आईने काढला असेल. आई म्हणाली, "माजो हात पोचता काय थंय?"

आणि तरीही, हे सांगायलाच हवं, त्या घरात तेव्हा कुणी दुःखी नव्हतं. नलिनीला भीती वाटायची ती एखाद्या वेळी, कोपऱ्याकडे पाठ करून पोळ्या लाटताना. बाकी दिवसभर ती पोटावर हात ठेवून गुणगुणत असायची. कोपऱ्यातून कधी कधी तोच सूर कुणीतरी तिच्यामागून, अर्ध्या श्वासाने, म्हणायचं. पिंपाच्या तळाशी पाणी असलं की आवाज घुमतो.

सातव्या महिन्यात जानकीबाई आपलं लग्नातलं हिरवं लुगडं फाडून बाळासाठी कुंची शिवायला बसल्या. एक झाल्यावर त्यांनी तशीच दुसरी घेतली.

"दोन कशाला आई?" नलिनीने विचारलं.

"एक धुवक टाकली तर दुसरी नको?" सुईत दोरा ओवताना त्यांनी वर पाहिलं नाही.

७

मुलगा झाला. तिसऱ्यांदा कुठे देवाने हात सैल सोडला होता. बाराव्या दिवशी बारसं ठरलं आणि चाळीतल्या सगळ्या बायका त्या दीड खोलीत मावल्या. पाळणा चंपाकाकूंनी आणला होता. नाव नंदकिशोरने आधीच पक्कं केलं होतं, श्यामसुंदर. आत्या म्हणून कानात सांगायचा मान जयाचा, आणि सकाळपासून ती मिरवत होती.

बारशाला आधी दगडाचं बाळ करतात. वरवंट्याला कुंची-टोपडं घालायचं, पाळण्याच्या खालून नि वरून एकीने दुसरीच्या हाती द्यायचं, आणि मग तसंच खऱ्या बाळाला द्यायचं. "वरवंटा आणा गं," चंपाकाकू म्हणाल्या. जानकीबाई आत गेल्या आणि हिरव्या कुंचीतलं एक बोचकं दोन्ही हातांवर घेऊन आल्या.

नलिनी पाळण्याजवळ पाटावर बसली होती. तिथून तिला स्वयंपाकघर दिसत होतं. पाट्यावर वरवंटा होता, सकाळच्या चटणीसकट, ओला. पिंपाजवळचा कोपरा मोकळा होता.

"कुणी गोविंद घ्या," एक म्हणाली. "कुणी गोपाळ घ्या," दुसरीने म्हटलं. बोचकं पाळण्याखालून गेलं, वरून आलं. मग बाळ गेलं, बाळ आलं. दोघांच्या कुंच्या एकाच लुगड्याच्या, दोघांची तोंडं कुंचीच्या काठाने झाकलेली. कुणाला काही वाटलं नाही. फक्त चंपाकाकू बोचकं हातात घेताना क्षणभर थांबल्या आणि त्यांनी त्याची मान सावरून धरली.

पाळण्यातली दुपटी नीट करायची म्हणून एकीने एक गाठोडं नलिनीच्या डाव्या हातात दिलं आणि जयाने दुसरं उजव्या. नलिनीच्या हातांनी सवयीने वजन केलं. डावा हात थांबला. उजवा थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातांना काही सांगता येईना. दोन्ही सारखी होती. दोन्ही उबदार होती. दोन्हींना दुधाचा वास येत होता.

"ठेव की गं पाळण्यात," कुणीतरी म्हणालं.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. जानकीबाईंनी मान हलवली. नलिनीने दोघांनाही पाळण्यात ठेवलं, शेजारी शेजारी. बायका हसल्या, कुणाकुणाकडे वरवंटाही पाळण्यात ठेवायची पद्धत असते.

जया वाकली. "कुर्र," ती म्हणाली, आणि जवळच्या कुंचीत तोंड घालून नाव सांगितलं, "श्यामसुंदर." बाळ दचकून जागं झालं आणि रडू लागलं. नलिनीचा जीव एकदम भांड्यात पडला. तिने त्याला उचलून छातीशी घेतलं. बायकांनी प्रथेप्रमाणे जयाच्या पाठीत धपाटे घातले, घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली, कुणीतरी पाळणा म्हणायला लागलं.

"जया," नलिनी हळूच म्हणाली. "आता त्याच्याही कानात सांग."

"वहिनी, काहीतरीच काय. दगड आहे तो."

"नाव तूच ठेवलंयस ना."

जयाने वहिनीकडे पाहिलं. चेष्टा नव्हती. बायकांच्या गलक्यात ती पुन्हा वाकली, एका बोटाने कुंचीचा काठ बाजूला करत. "लवू," ती म्हणाली.

मग ती तशीच वाकून राहिली. नलिनीला तिची पाठ तेवढी दिसत होती. पाळणा संथ झुलत होता आणि त्याच्याबरोबर जयाचा हात झुलत होता.

"आई," जया म्हणाली. तिचा आवाज इतका लहान कुणी कधी ऐकला नव्हता. "आई, माझं बोट."

जानकीबाई घुगऱ्यांची परात खाली ठेवून आल्या. त्यांनी लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि पाळण्यात डोकावून पाहिलं. त्यांचा चेहरा मऊ झाला.

"धरल्यान काय बोट? धरूंदेत. ओढू नको गो, जागो होयत. निजलो की आपसूकच सोडतलो."

जयाने बोट तसंच राहू दिलं.